नव्या राउटरला जुना प्रिंटर: पासवर्ड काढू नका, आधी त्याचा पत्ता बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातला राउटर बदलला. लॅपटॉप आणि मोबाइल नव्या वाय-फायला लगेच जोडले गेले, पण सहा-सात वर्षं जुना प्रिंटर काही केल्या जोडला जात नाही. कुणीतरी सुचवलं की थोडा वेळ वाय-फायचा पासवर्डच काढून टाका, प्रिंटर जोडा आणि मग पासवर्ड परत लावा. दुसऱ्या कुणी सांगितलं की राउटरवर जुनी सुरक्षा पद्धत निवडा, जुन्या प्रिंटरला तीच कळते. शिवाय एकदा तो कसाबसा जोडला गेला होता, तेव्हा दोन दिवसांत लॅपटॉप त्याला 'ऑफलाइन' म्हणू लागला, मोबाइलवरून मात्र प्रिंट येत होती. यात नेमकं काय बिघडलंय आणि काय करावं?

आधी त्या दोन सल्ल्यांबद्दल, कारण त्यांनी नुकसान होऊ शकतं.

पासवर्ड काढून जोडण्याचा उपाय मुळात टिकत नाही. प्रिंटर नेटवर्कचं नाव लक्षात ठेवतो तेव्हा त्याच्याबरोबर सुरक्षेचा प्रकार आणि किल्लीही साठवतो. उघड्या नेटवर्कला जोडलात तर 'या नावाचं, बिनपासवर्डचं नेटवर्क' अशी नोंद होते. तुम्ही पासवर्ड परत लावलात की ती नोंद निरुपयोगी ठरते आणि प्रिंटर पुन्हा बाहेर. म्हणजे सगळं घर तेवढा वेळ उघडं ठेवून हाती काहीच लागत नाही.

दुसरा सल्ला जास्त धोक्याचा, कारण तो 'चालतो'. अशा जुन्या सुरक्षा पद्धतींतली पहिली, डब्ल्यूईपी, १९९७ साली वाय-फायच्या पहिल्या मानकाबरोबर आली आणि २००१ मध्ये तिचं कुलूप कसं उघडतं ते संशोधकांनी जाहीरपणे दाखवून दिलं. आज साध्या लॅपटॉपवर ती काही मिनिटांत फुटते. तिच्यानंतर २००३ मध्ये आलेली पहिली डब्ल्यूपीए ही मधल्या काळाची सोय होती. २००४ ची डब्ल्यूपीए२ ही खरी भक्कम पद्धत, आणि २००६ पासून वाय-फायचा अधिकृत शिक्का हवा असेल तर ती बंधनकारक झाली. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या प्रिंटरला डब्ल्यूपीए२ येत नाही असं होत नाही. त्याच्यासाठी डब्ल्यूपीए२ च्या खाली उतरायची गरजच नाही.

हे मी कळकळीने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका जुन्या लेझर प्रिंटरसाठी मी घरच्या राउटरची सुरक्षा खाली आणली, प्रिंट आली, आणि ते सेटिंग परत वर न्यायचं राहून गेलं. कित्येक महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी राउटरचं पान उघडलं तेव्हा लक्षात आलं. त्या काळात घरातल्या सगळ्यांचे व्यवहार त्या एका तकलादू कुलपामागे चालले होते. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: नेटवर्क आहे तसंच भक्कम ठेवायचं आणि प्रिंटरला त्यात बसवायचं. नाहीच बसला तर त्याला केबल लावायची.

आता मूळ अडचण. प्रिंटर न चालण्याची कारणं शंभर वाटतात, पण ती तीन प्रश्नांत मावतात. प्रिंटरला तुमचं नेटवर्क ऐकू येतंय का? नेटवर्कवर त्याला पत्ता मिळालाय का? आणि तो पत्ता कॉम्प्युटरला ठाऊक आहे का? याच क्रमाने गेलात तर वेळ वाचतो. बहुतेक लोक तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, म्हणजे ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्राम) काढतात, परत टाकतात, पुन्हा काढतात, आणि गडबड मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असते.

म्हणून कॉम्प्युटरला हात लावण्याआधी प्रिंटरकडूनच त्याची हकीकत काढून घ्या. जवळपास प्रत्येक वाय-फाय प्रिंटर स्वतःच्या नेटवर्कचा अहवाल कागदावर छापतो. पडदा असेल तर मेनूत 'नेटवर्क' किंवा 'रिपोर्ट्स' खाली तो सापडतो. नुसती बटणं असतील तर बहुधा वाय-फायचं आणि माहितीचं बटण एकत्र किंवा थोडा वेळ दाबून धरावं लागतं. नेमकी जोडी मॉडेलप्रमाणे बदलते, पुस्तिकेत बघा.

एका परिचितांकडे मी हाच कागद छापून घेतला होता. त्यांचीही तक्रार राउटर बदलल्यानंतरचीच. कागदावर 'स्टेटस' समोर 'कनेक्टेड' लिहिलेलं, नेटवर्कचं नाव बरोबर, सिग्नल उणे ५५, म्हणजे उत्तम. मग आयपी ॲड्रेसची, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याची ओळ: १९२.१६८.१.२०. खाली गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता: १९२.१६८.१.१. आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'मॅन्युअल'. नव्या राउटरचा स्वतःचा पत्ता होता १९२.१६८.०.१. जुन्या राउटरच्या काळात कुणीतरी प्रिंटरला पत्ता हाताने नेमून दिला होता, आणि प्रिंटर तोच धरून बसला होता. वाय-फायला जोडलेला होता हे खरंच, पण वेगळ्याच मालिकेतला पत्ता घेऊन. पडद्यावर निळा दिवा, आणि घरातल्या कुठल्याही यंत्राला तो सापडत नव्हता. 'मॅन्युअल'चं 'ऑटोमॅटिक' केलं, बंद करून चालू केला, आणि नवा पत्ता मिळाला. त्याआधी दोन दिवस त्यांनी ड्रायव्हर चार वेळा टाकून पाहिला होता.

तो कागद वाचायची रीत अशी. पत्त्याच्या जागी ०.०.०.० असेल, तर प्रिंटर नेटवर्कवर पोचलेलाच नाही. नाव, पासवर्ड किंवा फ्रीक्वेन्सी तपासा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे प्रिंटरने तो स्वतःच घेतलेला आहे. राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करून आधी राउटर, तो पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर, अशा क्रमाने लावा. पत्ता ठीक दिसत असेल तर पहिले तीन आकडे तुमच्या लॅपटॉपच्या पत्त्याशी जुळतात का ते बघा, घरच्या साध्या नेटवर्कमध्ये ते जुळायला हवेत. सिग्नलची ओळ असेल तर उणे ५० च्या आसपास चांगला, उणे ७० च्या पुढे कमजोर, आणि उणे ८० ला मोठ्या फाइली मधेच तुटतात.

तुमच्या बाबतीत ०.०.०.० असण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते. त्याची मुख्य कारणं दोन.

पहिलं म्हणजे फ्रीक्वेन्सी. घरगुती वाय-फाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. बरेच प्रिंटर, विशेषतः जुने आणि स्वस्त, फक्त २.४ ओळखतात. त्यांना ५ चं नेटवर्क दिसतच नाही. नवे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुठल्या यंत्राला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. रोजच्या वापराला हे सोयीचं असतं, पण प्रिंटर जोडताना घोळ होतो: मोबाइल ५ वर बसलेला असतो, प्रिंटरचं ॲप मोबाइलकडे बघून तेच नेटवर्क प्रिंटरला द्यायला जातं आणि 'नेटवर्क सापडलं नाही' म्हणून थांबतं. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटं बंद करा, प्रिंटर जोडा, मग ते पुन्हा चालू करा. नाव आणि पासवर्ड तेच राहत असल्यामुळे प्रिंटर २.४ वर टिकून राहतो. जोडणी झाल्यावर लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी काही बिघडत नाही. एकाच राउटरखाली ते दोघं एकमेकांना भेटतात. दोन्ही एकाच पट्ट्यावर हवेत हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे.

याच्याच जोडीने चॅनल, म्हणजे पट्ट्यातली राउटरने निवडलेली मार्गिका, बघून घ्या. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे एकमेकांवर न चढणारे चॅनल आहेत. राउटर आपोआप १२ किंवा १३ वर गेला असेल, तर काही प्रिंटरना ते चॅनल ऐकूच येत नाहीत आणि तुमचं नेटवर्क यादीतून गायब दिसतं. चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्का करा.

दुसरं कारण म्हणजे डब्ल्यूपीए३. ही पद्धत २०१८ मध्ये आली आणि नव्या राउटरवर कधी कधी तीच एकटी चालू असते. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही बऱ्याच प्रिंटरांना ती कळत नाही. नेटवर्क यादीत दिसतं, पासवर्ड बरोबर टाकला तरी 'चुकीचा पासवर्ड' किंवा नुसतंच 'जोडता आलं नाही' येतं, आणि माणूस बरोबर असलेला पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राहतो. राउटरवर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय असतो, तो निवडा. नवी यंत्रं डब्ल्यूपीए३ वापरतील, प्रिंटर डब्ल्यूपीए२ वापरेल. काही प्रिंटर या मिश्र पद्धतीतही अडखळतात. तसं झालं तर नुसती डब्ल्यूपीए२, आणि तिच्यात 'एईएस' हा प्रकार निवडा. 'टीकेआयपी' असं काही दिसलं तर ते नको: ते जुनं आहे, असुरक्षित आहे, आणि वर वाय-फायचा वेगही ५४ मेगाबिटला अडवतं. बऱ्याच राउटरवर घरातल्या लहानसहान उपकरणांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. प्रिंटरसाठी तिथे डब्ल्यूपीए२ आणि २.४ ठेवून मुख्य नेटवर्क डब्ल्यूपीए३ वर ठेवणं, ही माझ्या मते सर्वात चांगली मांडणी. फक्त त्या वेगळ्या नेटवर्कमधून मुख्य नेटवर्कशी बोलता येतं का, ते आधी बघा. 'गेस्ट' नेटवर्कमध्ये सहसा येत नाही. पाहुण्यांच्या मोबाइलने घरची यंत्रं पाहू नयेत म्हणूनच ते बनवलेलं असतं, त्यामुळे प्रिंटर तिथे जोडला तर इंटरनेट असतं पण लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही. उलटंही घडतं: प्रिंटर मुख्य नेटवर्कवर आणि लॅपटॉप गेस्टवर. 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचं सेटिंगही हेच करतं. ते चालू असेल तर घरच्या नेटवर्कसाठी बंद करा.

आता पासवर्ड टाकण्याबद्दल. दोन ओळींच्या छोट्या पडद्यावर वर-खाली बाण दाबत एकेक अक्षर आणायचं, हे काम घाईत केलं की चुकतंच. बहुतेक पडद्यांवर मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांचे वेगवेगळे संच असतात आणि कुठल्यातरी एका बटणाने संच बदलतो. पासवर्ड आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' यांच्याखाली खूण करा, आणि प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे बघा. पासवर्डच्या सुरुवातीला किंवा शेवटी चुकून मोकळी जागा पडली तर तीही अक्षर म्हणून धरली जाते. काही प्रिंटरांच्या संचात अवतरणचिन्हं किंवा तिरकी रेघ नसतेच. अशा वेळी पासवर्ड सोपा करण्यापेक्षा लांब करा. डब्ल्यूपीए२ ला ८ ते ६३ अक्षरं चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द लहान रोमन लिपीत सलग लिहिले, तर पडद्यावर टाकायला सोपं आणि फोडायला अवघड.

नेटवर्कचं नाव देवनागरीत ठेवायची हौस मला समजते, मीही ठेवून पाहिलंय. पण वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्राही वेगळ्या धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. त्यातून बहुतेक प्रिंटरांच्या पडद्यावर ती दिसतातच चौकोन म्हणून. नाव रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवलेलं बरं. नाव लपवूनही ठेवू नका. लपवलेलं नाव शोधणं कुणालाही अवघड नसतं, त्यामुळे सुरक्षा वाढत नाही आणि प्रिंटरची जोडणी मात्र अवघड होते.

'एक बटण दाबा, पासवर्ड नको' अशी डब्ल्यूपीएसची सोय तुमच्या दोन्ही यंत्रांवर असेल. तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत फरक करायला हवा. बटणाचा प्रकार साधारण दोन मिनिटंच उघडा असतो: राउटरचं बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं दाबा. घरात तुम्ही समोर उभे असताना तो वापरायला माझी हरकत नाही. आकड्यांच्या पिनचा प्रकार मात्र राउटरवर कायमचा बंद ठेवा. तो पिन आठ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे दहा कोटी नव्हे, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं आणि तरीही कित्येक राउटर तो पर्याय चालू ठेवूनच येतात. डब्ल्यूपीए३ च्या नेटवर्कवर डब्ल्यूपीएस चालतच नाही, त्यामुळे बटण दाबूनही काही होत नसेल तर प्रिंटर बिघडला असं समजू नका.

पडद्याशी झटापट नको असेल तर प्रिंटरला यूएसबी केबल लावून कंपनीचा सेटअप प्रोग्राम चालवा. वाय-फायची माहिती तो केबलमधून प्रिंटरला देतो, मग केबल काढायची. नेटवर्क केबलचं तोंड असेल तर त्याहून बरं: ती राउटरला लावा, प्रिंटरचं पान ब्राउझरमध्ये उघडा आणि कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून पासवर्ड टाका. पण काम झाल्यावर ती केबल आठवणीने काढा, कारण पुष्कळ प्रिंटर केबल लागलेली असली की वाय-फाय आपोआप बंद ठेवतात.

आता दुसरी निम्मी तक्रार: दोन दिवस चालला, मग लॅपटॉपवर 'ऑफलाइन', आणि मोबाइलवर ठीक. हे लक्षण तुम्ही सांगितलंत हे फार चांगलं झालं, कारण त्यानेच कारण उघडं पडतं. प्रिंटर नेटवर्कवर आहे, फक्त लॅपटॉप त्याला जुन्या पत्त्यावर शोधतोय.

राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता ठरावीक मुदतीने भाड्याने दिल्यासारखा देतो. पुष्कळ राउटरवर ही मुदत एक दिवसाची असते. प्रिंटर रात्रभर बंद राहिला, मधे राउटर बंद-चालू झाला, की त्याला दुसरा पत्ता मिळू शकतो. मोबाइल प्रिंटरला दर वेळी नावाने हाक मारून शोधतो. ॲपलची एअरप्रिंट पद्धत २०१० पासून आहे, अँड्रॉइडमध्येही तशीच सोय अंगभूत आहे, आणि पत्ता बदलला तरी या दोन्हींना फरक पडत नाही. विंडोजमध्ये मात्र प्रिंटर ज्या 'पोर्ट'वर नोंदवला गेला त्यात जुना पत्ता तसाच लिहिलेला राहू शकतो.

उपाय राउटरवर करायचा. प्रिंटरच्या कागदावर 'मॅक ॲड्रेस' नावाचा बारा चिन्हांचा क्रमांक असतो, तो त्या यंत्राचा कायमचा क्रमांक. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे हा क्रमांक आणि एक पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.०.५०, अशी जोडी नोंदवा. प्रिंटर बंद करून चालू करा. यापुढे तो प्रत्येक वेळी तोच पत्ता घेईल. प्रिंटरच्या मेनूत जाऊन पत्ता हाताने टाकू नका, त्याने पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे. राउटर पुन्हा बदललात तरी 'ऑटोमॅटिक'वर असलेला प्रिंटर आपली वाट शोधतो.

मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाइप करा. प्रिंटरचं पान उघडलं, शाईची पातळी वगैरे दिसली, की लॅपटॉप ते प्रिंटर हा रस्ता मोकळा आहे हे नक्की. ब्राउझर 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा देऊ शकतो. प्रिंटरने स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र ब्राउझरला ओळखीचं नसतं, म्हणून तो येतो. घरच्या नेटवर्कवर, पत्ता तुम्ही स्वतः टाइप केलेला असताना पुढे जायला हरकत नाही. पान उघडलंच नाही तर लॅपटॉपवर व्हीपीएन (सगळी जोडणी दूरच्या नेटवर्कमधून नेणारी सोय) चालू आहे का बघा. कामाच्या लॅपटॉपवर ते असतंच, आणि घरच्या नेटवर्कचा रस्ता पुष्कळदा तेच अडवतं. विंडोजमध्ये घरचं वाय-फाय 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते 'प्रायव्हेट' करा. मॅकवर २०२४ पासूनच्या आवृत्तीत प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी लागते. मागे कधीतरी 'नको' म्हटलेलं असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती द्या.

रस्ता मोकळा असेल तर विंडोजमधल्या त्या प्रिंटरच्या जुन्या नोंदी सगळ्या काढून टाका. एकाच प्रिंटरची नोंद दोन-तीनदा झालेली असते, एकीपुढे 'कॉपी १' लिहिलेलं असतं, आणि प्रिंट नेमकी मेलेल्या नोंदीकडे जाते. सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', तिथे 'ॲड डिव्हाइस'. यादीत आपोआप दिसेल ते घेण्याऐवजी थोडं थांबा, 'ॲड मॅन्युअली' येईल. त्यात आयपी ॲड्रेसने जोडायचा पर्याय निवडा आणि राखून ठेवलेला पत्ता टाका. नंतर 'विंडोजने डीफॉल्ट प्रिंटर ठरवावा' हा पर्याय बंद करा, नाहीतर शेवटी ज्यावर प्रिंट काढली तोच डीफॉल्ट होत राहतो.

एवढं करूनही 'ऑफलाइन' दिसत असेल आणि प्रिंटरचं पान मात्र ब्राउझरमध्ये उघडत असेल, तर एक नेहमी निसटणारी गोष्ट आहे. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स', तिथे 'कॉन्फिगर पोर्ट', आणि त्यात 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण. विंडोज या मार्गाने प्रिंटरला 'आहेस का?' विचारतं. त्याने या विशिष्ट भाषेत उत्तर दिलं नाही तर चांगला चालणारा प्रिंटरही ऑफलाइन ठरतो. ती खूण काढा. आणि अडकलेल्या कामांमुळे रांग पुढे सरकत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर', म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवून पुन्हा सुरू करा.

मॅकवर हे सगळं लागत नाही. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जोडताना 'यूज'च्या यादीत 'एअरप्रिंट' निवडा. कंपनीचा वेगळा ड्रायव्हर फक्त एखादी खास सोय हवी असेल तरच. विंडोजही याच दिशेने चाललंय. वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं. आयपीपी या सामाईक भाषेवर चालणारा प्रिंटर असेल तर ड्रायव्हरची सीडी शोधत बसू नका.

प्रिंटर जोडला गेला की माणसं उठून जातात. माझी विनंती आहे की आणखी दहा मिनिटं द्या, कारण प्रिंटर हा नेटवर्कवरचा एक लहान कॉम्प्युटरच आहे आणि घरातला सर्वात दुर्लक्षित. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एका माणसाने जगभरच्या प्रिंटरांवर एका यूट्यूब चॅनलचा प्रचार करणारा कागद छापला. त्याच्या सांगण्याप्रमाणे ते सुमारे ५०,००० प्रिंटर होते. कुणाचाही पासवर्ड फोडावा लागला नव्हता. त्या प्रिंटरांचा ९१०० क्रमांकाचा पोर्ट, ज्यावरून प्रिंटचा मजकूर थेट घेतला जातो, इंटरनेटवरून उघडा होता. म्हणून राउटरवर प्रिंटरसाठी कुठलाही पोर्ट बाहेरून उघडू नका, आणि यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारं यूपीएनपी गरज नसेल तर बंद ठेवा.

प्रिंटरच्या त्याच पानावर ॲडमिनचा पासवर्ड बदला. कारखान्यातून आलेला पासवर्ड पुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे तो सगळ्यांना माहीत असतो. 'वाय-फाय डायरेक्ट' बघा: 'डायरेक्ट' ने सुरू होणारं प्रिंटरचं स्वतःचं नेटवर्क तुमच्या वाय-फायच्या यादीत दिसत असेल, तर तो घराचा दुसरा दरवाजा आहे, आणि काही मॉडेलवर त्याचा पासवर्ड १२३४५६७८ इतका साधा असतो. वापरत नसाल तर बंद करा. टेलनेट, एफटीपी या नेटवर्कवरून जोडण्याच्या जुन्या, असुरक्षित सोयी चालू असतील तर त्याही.

फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतला प्रोग्राम, अपडेट करावं, कारण वाय-फायच्या दुरुस्त्या तिथूनच येतात. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या जोडणीतला 'क्रॅक' नावाचा दोष उघड झाला, तेव्हा दुरुस्ती राउटरबरोबर जोडलेल्या यंत्रांवरही करावी लागली होती. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: काही फर्मवेअर अपडेटनंतर दुसऱ्या कंपनीची किंवा भरलेली काट्रिज प्रिंटर नाकारू शकतो. तुम्ही तशी काट्रिज वापरत असाल तर अपडेटची माहिती वाचून मग पुढे जा. लॅपटॉपचे अपडेटही थांबवू नका: २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्येच गंभीर दोष सापडला होता आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टला तातडीने अपडेट सोडावं लागलं होतं.

जागेचंही बघा. प्रिंटर कोपऱ्यात, लोखंडी कपाटाशेजारी असेल तर पाच-सहा फूट हलवून पुन्हा कागद छापा आणि सिग्नलची ओळ बघा. प्रिंटरच्या मेनूत काही तासांनी आपोआप बंद होण्याचं सेटिंग असेल तर ते काढा. झोपेतून उठणारा प्रिंटर चालतो, पूर्ण बंद झालेला प्रिंटर नेटवर्कवरून उठत नाही.

हे सगळं करूनही वाय-फाय टिकत नसेल तर सरळ यूएसबी केबल लावा. ती पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. मोबाइलवरून प्रिंट हवीच असेल तर राउटरजवळ ठेवून नेटवर्क केबल लावा. यात कमीपणा काही नाही, ऑफिसातले मोठे प्रिंटर बहुतेक असेच जोडलेले असतात.

आणि हा प्रिंटर पुढे कधी कुणाला दिलात किंवा भंगारात टाकलात, तर त्याआधी मेनूतून 'रिस्टोर फॅक्टरी डीफॉल्ट्स' करा आणि नेटवर्कचा कागद शेवटचा एकदा छापून घ्या. त्यावर तुमच्या वाय-फायचं नाव दिसत नसेल, तर तुमचा पासवर्डही बहुधा त्याच्याबरोबर घराबाहेर जात नाही. नाव अजून दिसत असेल तर 'रिस्टोर नेटवर्क सेटिंग्ज' वेगळं शोधा. काही मॉडेलवर ही दोन कामं वेगळी असतात.